पाहुण्यांसाठी राखलेलं पाणी

हिवाळा आला की शहरातल्या चर्चमध्ये एका गोष्टीची लगबग सुरू होते. तरुण मुलंमुली चार-पाच दिवसांसाठी एखाद्या खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीकडे जातात. पूर्वी याला ‘दौरा’ म्हणत, आता सगळे ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. गाणी बसवली जातात, मुलांसाठी खेळ ठरतात, जुने कपडे गोळा होतात. काही वर्षांपूर्वी जानेवारीत अशाच एका तुकडीबरोबर, वडीलधारा म्हणून, मी पुण्याहून अमरावती जिल्ह्यातल्या भातकुली तालुक्यात गेलो होतो. अशी भेट नेमकी कशासाठी असते, हे मला तिथे नव्यानं शिकावं लागलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

भातकुली अमरावतीच्या पश्चिमेला, वीसेक किलोमीटरच्या आतच आहे. जैन बांधवांना ते आदिनाथांच्या मंदिरामुळे ठाऊक असतं. शेतकऱ्याला हा भाग ठाऊक असतो तो खारपाणपट्टा म्हणून. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमीन काळी आणि कसदार, पण जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खणली तरी ते धड पिता येत नाही, पिकालाही धड देता येत नाही. कापूस, तूर, मूग, हरभरा पावसाच्या आणि जमिनीतल्या ओलीच्या भरवशावर निघतात. पिण्यासाठी नळाचं पाणी बाहेरून येतं, आणि आम्ही गेलो त्या गावात ते रोज येत नव्हतं.

गावात ख्रिस्ती घरं सहा. आम्ही नऊ जण. ज्यांच्या घरी उतरलो त्या आजी ऐंशीच्या घरातल्या. ओसरीवर दोन माठ भरून, वर स्वच्छ फडकं बांधून ठेवलेले. आमच्या मुलांनी बसताबसताच पिशव्यांतून पाण्याच्या बाटल्या काढल्या. अख्खा खोकाच आणला होता. आजारी पडू नये म्हणून निघताना मीच तशी सूचना दिली होती. आजी तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “आमच्या घरचं पानी पेत नाई का जी तुमी?”

मग त्यांच्या सुनेकडून कळलं, की आम्ही येणार म्हणून चार दिवस त्या घरानं आणि शेजारच्या दोन घरांनी नळाचं पाणी काटकसरीनं वापरून ते आमच्यासाठी राखलं होतं. शेजारच्या त्या दोन घरांपैकी एक बौद्ध होतं. आम्ही खोका गाडीत परत ठेवला. पण मनाला लागायचं ते लागलंच. आम्ही द्यायला आलो होतो, आणि घेताना कसं वागायचं याची तयारीच केली नव्हती.

ही घरं इथे आली कशी? त्यासाठी वऱ्हाडचा थोडा इतिहास पाहावा लागतो. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे कापसासाठी रेल्वे आली आणि रेल्वेच्या मार्गावर अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी गावं वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे अमेरिकी दांपत्य अकोल्यात काम करत होतं. हिंदुस्थानातल्या बालविवाहांवर आणि विधवांच्या हालांवर जेनीबाईंनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झालं. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही त्यांची संस्था. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, वाशीमला नाझरीन असे वेगवेगळे पंथ पुढे स्थिरावले. उमरीचं रुग्णालय आणि वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरिअल रुग्णालय ही नावं तिकडे सर्व धर्मांच्या लोकांना ठाऊक आहेत. कॅथलिकांचं अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झालं.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक भीषण गोष्ट आहे, ती म्हणजे दुष्काळ. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९००, असे दोन दुष्काळ मध्य हिंदुस्थानावर आणि वऱ्हाडावर कोसळले. रस्त्याच्या कडेला आईबाप गमावलेली मुलं सापडत. मिशनने अकोल्याला मुलग्यांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथाश्रम चालवले. पंडिता रमाबाईही त्याच काळात मध्य प्रांतात येऊन दुष्काळग्रस्त मुलीबाळींना पुण्याकडे घेऊन गेल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनाचा पसारा वाढला.

आजींच्या सासऱ्यांचे वडील अकोल्याच्या त्या आश्रमात वाढले. आपलं मूळ गाव त्यांना कधीच आठवलं नाही. सुतारकाम शिकले आणि तिफणी, बैलगाड्या दुरुस्त करत या गावी येऊन राहिले. ही माहिती कुठल्या दप्तरात नाही, घरात चालत आलेली आहे. आमच्यातल्या एका मुलानं, जरा चाचरतच, विचारलं, “आजी, लोक म्हणतात की दुष्काळात पोटासाठी बाटले. तुम्हाला वाईट नाही वाटत?”

आजी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “पोटासाठीच आले असतीन. आठ वर्षांचं लेकरू, दुसऱ्या कशासाठी येईन? पन पोट भरल्यावर गेले काऊन नाई, थे कोनी इचारत नाई.”

मला वाटतं, खेड्यातल्या ख्रिस्ती समाजाविषयी विचारायचा खरा प्रश्न हाच आहे. पहिली पिढी कशी आली हे सगळे विचारतात. पण गोरे मिशनरी गेले, आश्रम गेला, पगारी पाळकही गेला, तरी चौथी-पाचवी पिढी दर रविवारी कशासाठी जमते? त्या गावात पाळक महिन्यातून एकदा मोटारसायकलनं येतात. बाकीचे रविवार आजींचा मुलगाच उपासना चालवतो.

ती उपासना मी पाहिली. पत्र्याची एक खोली, खाली सतरंजी, टाळ, ढोलकी आणि ‘उपासना संगीत’ची शिवण सुटलेली प्रत. आमच्या मुलांनी गिटारवर इंग्रजी वळणाची गाणी बसवून आणली होती. लोकांनी ती कौतुकानं ऐकली. मग त्यांनी रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू केलं आणि खोलीचा रंगच पालटला. कीर्तन, अभंग, ओवी ही या मातीतली भाषा ख्रिस्ती भक्तीला आजची नाही. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली ओवीतच छापलं गेलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या भजनांतून तुकोबांची वाट चर्चपर्यंत आणली. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षं बायबलचं सोपं मराठी भाषांतर करण्यात घालवली, अशासाठी की कमी शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचता यावं. पत्र्याच्या खोलीतल्या त्या सतरंजीवर मला हे सारं एकत्र बसलेलं दिसलं.

त्या रविवारी उपासना सकाळी आठलाच झाली. कारण पूर्णेकाठी ऋणमोचनला पौषातली यात्रा होती आणि मंडळीतल्या दोघांना तिथे खेळण्यांचं दुकान लावायचं होतं. गाडगेबाबांनी घाट बांधवला तेच हे ऋणमोचन. नाताळात या घरांतून करंज्या-चकल्यांचं ताट गावभर जातं आणि दिवाळीत ते भरून परत येतं. सहा घरांचं गावात राहणं या देण्याघेण्यावर उभं आहे.

म्हणूनच आमचे जुने कपडे ही दुसरी चूक ठरली असती. आजींच्या मुलानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, “भाऊ, तुमी उद्या जासान. मंग लोक म्हनतीन, याईले बाहेरून माल येते.” मी गप्प झालो. गठ्ठे उघडलेच नाहीत. आमच्या दृष्टीनं तो सेवेचा कार्यक्रम होता, त्यांच्या माथी तो कायमचा शिक्का झाला असता.

आणखी एक अडचण कागदावरची आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान त्याबाहेरच राहिले. आदिवासींना ही अट नाही, म्हणजे मेळघाटातला कोरकू ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीतच राहतो. दलित ख्रिस्ती कुटुंबाला मात्र मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आपण कोण, हे ठरवावं लागतं. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारनं २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. पाहुण्यांनी अशा घरांचे फोटो काढून, नावगाव लिहून ते सगळीकडे पाठवले, तर कुणाच्या दाखल्यावर काय परिणाम होईल याचा त्यांना पत्ताही नसतो.

तेव्हा अशा भेटीला निघणाऱ्यांसाठी चार साध्या गोष्टी सांगतो. पहिली, बोलावल्याशिवाय जाऊ नये, आणि काय आणू हे त्यांनाच विचारावं. दुसरी, देणं द्यायचंच तर सगळ्या गावाच्या उपयोगाचं द्यावं. शाळेला पुस्तकं दिली तर ती सर्वांचीच होतात. तिसरी, फोटो विचारूनच काढावा आणि लहान मुलांचा शक्यतो टाळावा. चौथी परदेशी पाहुण्यांसाठी. आपल्याकडे पर्यटक व्हिसावर उपासनेला बसायला हरकत नाही, पण धर्मप्रचार करता येत नाही. ते समजून न घेता आणलेला पाहुणा निघून जातो आणि चौकशीला तोंड यजमानाला द्यावं लागतं.

आणि एक गोष्ट मनात ठेवावी. सहा घरांच्या मंडळीला दुरून कुणी आपल्या ओळखीचं भजन म्हणायला आलं, याचाच आनंद मोठा असतो. निघताना आजींनी भेटवस्तूचं नावही काढलं नाही. “पुढच्या वर्षी या, पन जास्त दिवस राहा,” एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या जानेवारीत आम्ही चौघंच गेलो. खोका नाही, गठ्ठे नाहीत. नळ त्या आठवड्यात आलाच नव्हता. आजींनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, “खारं लागन जी.” थोडं खारं लागलं. आम्ही तांब्या रिकामा केला आणि तुरीच्या शेंगा सोलायला बसलो.