मिरची, आमचूर आणि पहिलं गिऱ्हाईक
(गावाकडचे स्टार्टअप : लेखांक ११)

टेंभली गावाच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग आज लिहिणार होतो. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या त्या गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तिथवर गेल्या आठवड्यात आलो होतो. त्या आधाराच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या नव्या कंपन्यांची २६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कशी पंचाईत केली, हे सांगायचं होतं. ते आठवडाभर थांबेल. मिरची थांबत नाही. नंदुरबारच्या बाजार समितीबाहेर सध्या ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागलेली आहे, आणि नेमक्या याच दिवसांत आलेलं एक पत्र मला बाजूला ठेवता येईना.

पत्र नंदुरबार तालुक्यातल्या एका तरुणाचं आहे. डिप्लोमा झालाय, भावाबरोबर फॅब्रिकेशनचं दुकान चालवतो, दारं-ग्रिल-ट्रॉल्या बनवतो. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरच्या अवकाळीत वाळवणाच्या पथारीवरची मिरची भिजलेली त्याने पाहिली आणि सौर ड्रायर बनवायला घेतला. आता यंत्र तयार आहे. शेवटी लिहितो, ‘सर, यंत्र चालतं. फक्त सीड फंड कसा मिळवायचा तेवढं सांगा.’

पैशाचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी उरकतो. केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ मध्ये सुरू झाली, तरतूद ९४५ कोटींची. नमुना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान. बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत, पण ते कर्ज किंवा रूपांतरणीय रोख्यांच्या रूपात. सरकार हे पैसे थेट देत नाही, इन्क्युबेटरमार्फत देतं. अर्ज करताना कंपनी नोंदलेली हवी, केंद्राच्या उद्योग संवर्धन खात्याची, म्हणजे डीपीआयआयटीची मान्यता हवी आणि कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला नको. ही शेवटची अट नीट वाचा. उत्साहाच्या भरात आधी कंपनी नोंदवून मग दीड वर्ष वेल्डिंग करत बसणारे मी पाहिले आहेत. अर्जाची वेळ येते तेव्हा मुदत संपत आलेली असते. आपल्या भागातल्या माणसाने पहिली चौकशी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या इन्क्युबेशन केंद्रात करावी.

झालं पैशाचं. आता त्याने न विचारलेला प्रश्न : हा ड्रायर विकत घेणार कोण?

शेतकरी घेणार नाही, कारण नंदुरबारात शेतकरी मिरची वाळवतच नाही. गुंटूरला शेतकरी स्वतःच्या शेतात वाळवून सुकी मिरची यार्डात आणतो. आपल्याकडे तो तोडलेली ओली लाल मिरची गोण्यांत भरतो, त्याच दिवशी बाजारात आणतो, लिलाव झाला की काटा करून पैसे घेऊन मोकळा. पुढची सगळी जोखीम व्यापाऱ्याच्या डोक्यावर. शहराबाहेरच्या मोकळ्या रानात त्याच्या पथारी असतात. एकरच्या एकर जमीन लालभडक. बाया सकाळी मिरची पसरतात, पलटवतात, वाळली की सावलीला बसून देठ खुडतात, फटकी पांढरी पडलेली मिरची वेगळी काढतात. वाऱ्याची दिशा बदलली की ठसका रस्त्यापर्यंत येतो. व्हीएनआर, जरेला, लाली, फापडा, शंकेश्वरी अशी नावं तिथल्या हमालालाही पाठ असतात, आणि कुठली किती दिवसांत वाळते हेसुद्धा.

म्हणजे गिऱ्हाईक झालं तर व्यापारी होईल. त्याच्या बाजूने जरा हिशेब मांडून पाहू. १०० किलो ओल्या मिरचीत साधारण ७५ किलो पाणी असतं. साठवण्याजोगी करायची तर ओलावा १० टक्क्यांवर आणावा लागतो. उरते सुमारे २८ किलो मिरची आणि उडवावं लागतं ७२ किलो पाणी. एक किलो पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आत-बाहेर उष्णता लागते. अगदी कमीत कमी धरली तरी १०० किलोंना ४८ युनिटं. आपल्याकडचं ऊन एका चौरस मीटरवर दिवसाला पाचेक युनिट देतं, त्यातला तिसरा हिस्सा वा थोडं जास्त चांगला ड्रायर पकडतो. रोज १०० क्विंटल घेणारा मध्यम व्यापारी धरला तर त्याला २,७०० चौरस मीटरच्या आसपास ड्रायर लागतील. पाऊण एकराला थोडा कमी एवढा काच-पत्र्याचा पसारा! आणि शेजारी तेच ऊन मोकळ्या रानात फुकट पडलेलं आहे. व्यापारी खुळा नाही. अवकाळीने एखाद्या वर्षी माल काळा पडतो हे तो धरूनच चालतो आणि त्या नुकसानाची वजावट ओल्या मिरचीच्या भावातच करून ठेवतो. आमच्या पत्रलेखकाच्या ड्रायरमध्ये एका वेळी ४० किलो मावते. पथारीवर ती एका बाईची सकाळची पाटीवाहतूक आहे.

एवढं वाचून तो खट्टू झाला असेल, तर त्याने आता उत्तरेकडे बघावं. तापी ओलांडून सातपुड्यात चढलं की वाळवणाचा दुसरा धंदा सुरू होतो. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात एप्रिल-मेमध्ये घरोघरी कैऱ्या सोलून, चिरून, फोडी खडकावर किंवा खळ्यात वाळत घालतात. धडगाव-मोलगीच्या बाजारात व्यापारी ते आमचूर घेतात. भाव ठरतो तो मुठीत उचललेल्या फोडींच्या रंगावर. पांढरट फोडीला चांगला दर, काळवंडलेलीला पडेल तो. फोड काळी का पडते? कापल्यावर हवा लागली की तिच्यातली विकरं कामाला लागतात, आणि वाळायला जितका उशीर तितका रंग जातो. साधी लोखंडी सुरी त्यात भर घालते. त्यावर धूळ, कोंबड्या आणि वळवाची सर. इथे ४० किलोंचा ड्रायर अगदी मापाचा. एका घराची दिवसाची कैरी त्यात मावते, आणि वाचलेल्या रंगाचे रोख पैसे होतात. मिरचीत ड्रायर फुकट उन्हाशी भांडतो. आमचुरात तो काळ्या फोडीशी भांडतो. ही लढाई जिंकता येण्यासारखी आहे.

अडचण वेगळीच आहे. आमचुराचा हंगाम दीड महिन्याचा. उरलेले साडेदहा महिने यंत्र ओसरीवर कोंबड्या झाकायला. शिवाय मेमध्ये त्या घरात रोकड कुठून असणार? कर्ज काढून यंत्र घ्या आणि मग व्यापारी देईल तो भाव घ्या, असं सांगायला मला तरी तोंड नाही.

याच जागी एस४एस टेक्नॉलॉजीज अडली होती, असं मला वाटतं, आणि तिथून ती कशी निघाली हे पाहण्यासारखं आहे. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे आपल्या जुन्या यूडीसीटीत शिकलेले वैभव तिडके आणि त्यांचे मित्र यांची ही कंपनी. विजेशिवाय चालणारा सौर ड्रायर त्यांनी बनवला. काळा रंग दिलेल्या धातूच्या तबकातून उष्णता थेट खालून फोडीला पोचते, नुसत्या गरम हवेवर भिस्त नाही. यंत्र हुशारीचं होतंच. पण कंपनी मोठी झाली ती निराळ्या कारणाने : यंत्र विकून ती हात झटकून मोकळी झाली नाही. गावातल्या बायकांकडे ड्रायर, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देण्याची खटपट, कांदा-आलं-लसूण अशी वर्षभर काही ना काही भाजी, आणि वाळलेला माल कंपनीच उचलणार, अन्नप्रक्रिया करणाऱ्यांना विकणार. २०२३ मध्ये त्यांना अर्थशॉट पारितोषिक मिळालं, दहा लाख पौंडांचं. वर्तमानपत्रांनी ड्रायरचे फोटो छापले. माल उचलणाऱ्या टेम्पोचा फोटो कुणी छापला नाही, हा माझा जुना राग.

नायजेरियात न्नाएमेका इकेग्वुओनू यांनी हाच पेच दुसऱ्या बाजूने सोडवला. त्यांच्या कोल्डहब्सच्या सौर शीतखोल्या बाजारात उभ्या असतात. शेतकऱ्याने खोली विकत घ्यायची नाही. क्रेट आणून ठेवायचा आणि क्रेटमागे दिवसाचं भाडं द्यायचं, सुरुवातीला ते १०० नायरा होतं. टोमॅटो विकला की क्रेट रिकामा, भाडं बंद.

आणि खानदेशाला हे कुणी परक्याने शिकवायला नको. जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले. यंत्रं होती, तिथे वर्षभर काय घालायचं आणि निघेल ते कोण घेणार, हे त्यांनी आधी ठरवलं. पुढे पांढऱ्या कांद्यात त्यांच्या कंपनीने शेतकऱ्यांशी खरेदीचे करार केले ते त्याच वळणाने. आपल्याकडे स्टार्टअपच्या शिबिरांत सिलिकॉन व्हॅलीच्या गोष्टी सांगतात आणि बसने काही तासांवरची ही गोष्ट सांगत नाहीत.

राज्य सरकारला पहिल्या गिऱ्हाइकाची किंमत एका ठिकाणी तरी कळलेली आहे. महाराष्ट्र स्टेट इनोव्हेशन सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ कंपन्यांना बक्षिसाचा चेक नव्हे, १५ लाखांपर्यंतचा कार्यादेश मिळत आला आहे. तुमची वस्तू एखाद्या सरकारी खात्यात लावून दाखवा, पैसे कामाचे घ्या. माझ्या मते हे १५ लाख सीड फंडाच्या २० लाखांपेक्षा मोठे आहेत, कारण दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाताना हातात बिल असतं.

तेव्हा पत्रलेखकाला माझं सांगणं : कंपनी इतक्यात नोंदवू नकोस. येत्या एप्रिलमध्ये यंत्र ट्रॉलीत घालून धडगावला ने. विकू नकोस, बचत गटातल्या दोन-तीन घरांना हंगामापुरतं भाड्याने दे. त्यांचीच कैरी अर्धी खडकावर आणि अर्धी ड्रायरात वाळव आणि दोन्हीचा माल एकाच व्यापाऱ्याला एकाच दिवशी दाखव. दोन भावांतला फरक काट्याच्या पावतीसह लिहून ठेव. फरक भाड्यापेक्षा जास्त निघाला तर अर्जाचं पहिलं पान तयार. नाही निघाला तर २० लाख वाचले, तुझे नाहीत, तरी वाचले. उन्हाळा संपला की तेच यंत्र नवापूरकडे ने आणि पावसाळ्यानंतर तिथे काय वाळवता येईल ते विचारत फिर. बारा महिन्यांपैकी किमान सात-आठ महिने भरले पाहिजेत.

यंत्राचा नकाशाही पाठवलायस, त्यात एकच गोष्ट खटकली. ट्रे तू जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचे दाखवलेस. मिरचीला ते कदाचित चालून जातील, पण कैरीचं आम्ल जस्त सोडवतं, ते फोडीत उतरतं आणि आम्ल पत्राही दोन हंगामांत खातं. ट्रे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचेच कर. खर्च चांगलाच वाढेल. भाडं ठरवताना तो धरूनच चाल.