निवृत्तीची बचत आणि कराची वेळ

बंगळूरुतील बनशंकरीसारख्या भागात राहणाऱ्या पगारदार मराठी कुटुंबाला निवृत्तीसाठी खाते निवडताना व्याजदराइतकेच हेही पाहावे लागते की, कर पैसे भरताना वाचतो, व्याज साठताना वाचतो की रक्कम हाती येताना. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे 1968 मध्ये सुरू झालेल्या पीपीएफमध्ये, जुन्या करप्रणालीनुसार तिन्ही टप्प्यांवर सवलत मिळते. 2023-24 पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत मात्र भरणाऱ्याला वजावट उरलेली नाही, जरी व्याज करमुक्तच राहिले असले तरी. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत स्वतःचा वार्षिक वाटा अडीच लाखांपुढे गेल्यास जादा रकमेवरील व्याज एप्रिल 2021 पासून करपात्र झाले, आणि या शहरातील संगणक क्षेत्रातल्या मोठ्या पगारांना ही मर्यादा फारशी दूर नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, अर्थात एनपीएसमध्ये, कंपनीने मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते, म्हणून खिशातून भरण्याआधी कंपनीकडे ही सोय आहे का, हे विचारणे अधिक शहाणपणाचे. निवृत्तीच्या वेळी निधीच्या 60 टक्क्यांपर्यंतची एकरकमी उचल करमुक्त असते, परंतु उरलेल्या पैशांतून घेतलेल्या वार्षिकीचे, म्हणजे विमा कंपनी नियमितपणे देत असलेल्या पेन्शनचे, हप्ते त्या त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवले जातात.