अगराचा सुगंध आणि आपली जमीन

देवघरात जिला आपण उदबत्ती म्हणतो आणि बाजारात जी अगरबत्ती म्हणून विकली जाते, त्या दोन्ही नावांत एकच झाड दडलेले आहे. अरबी भाषेत 'ऊद' म्हणजे लाकूड. पुढे सुगंधी लाकडांत श्रेष्ठ अशा अगरासच ते नाव रूढ झाले. संस्कृतात यास अगरू म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशात घ्यावयाच्या मौल्यवान वस्तूंमध्ये चंदनाबरोबर अगराचीही गणना आहे. (आपल्याकडे निखाऱ्यावर घालतात तो ऊद मात्र बहुधा निराळ्याच झाडाचा डिंक असतो.)

अगराच्या रोपांच्या जाहिराती हल्ली मोबाइलवरून खेडोपाडी पोहोचतात व त्यांत एकेका झाडापासून लाखोंच्या उत्पन्नाची भाषा असते. बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांनी अशा व्यवहारात पैसा गुंतविण्यापूर्वी हा सुगंध येतो कोठून, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

निरोगी अगराच्या लाकडाला सुगंध नसतो. ते फिकट, हलके व मऊ असते. खोड पोखरणारी अळी आत शिरली, फांदी मोडली किंवा साल दुखावली म्हणजे त्या वाटेने बुरशीचा प्रवेश होतो. तिला अटकाव करण्यासाठी झाड जखमेभोवती काळसर राळ निर्माण करते. ही राळ वर्षानुवर्षे लाकडात मुरत जाते व तेवढाच भाग काळा, जड व सुगंधी बनतो. उत्तम प्रतीचा तुकडा पाण्यात टाकल्यास बुडतो. म्हणूनच चिनी भाषेत त्याचे नाव 'बुडणारा सुगंध' अशा अर्थाचे आहे. थोडक्यात, आपण ज्याची किंमत मोजतो तो झाडाचा रोग होय, आणि तो प्रत्येक झाडास होतोच असे नाही. बागाईतदार खोडास भोके पाडून त्यांत बुरशीचे विरजण किंवा रसायन घालतात. जोरहाट येथील वर्षावन संशोधन संस्थेने या पद्धतीवर काम केले आहे. तथापि सर्व झाडांत सारखी राळ धरत नाही.

तोडलेल्या झाडाचे पांढरे लाकूड पटाशीने तासून काळा भाग वेगळा करतात. उत्तम तुकडे तसेच विकले जातात. आखाती देशांत ते निखाऱ्यावर ठेवून त्याच्या धुराने कपडे व घर सुवासिक करतात, कारण राळेचा खरा दरवळ उष्णता लागल्यावरच सुटतो. हलक्या प्रतीचे तुकडे कित्येक दिवस पाण्यात भिजवून भट्टीवर चढवितात. वाफेबरोबर आलेले तेल थंड झाल्यावर पाण्यावर तरंगते. हेच अगराचे अत्तर. आसामात होजाई हे या व्यापाराचे मोठे ठिकाण आहे. नेहमीच्या अगरबत्तीत मात्र खरे अगर सहसा नसते. बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा व जिगट नावाची चिकट सालीची पूड यांचा लेप देऊन ती बहुधा कृत्रिम सुवासाच्या द्रवात बुडवितात. तेव्हा अगरबत्तीचा खप मोठा म्हणून अगरास गिऱ्हाईक मोठे, हा हिशेब बरोबर नाही.

आता जमिनीकडे वळू. हे झाड ईशान्य भारताच्या दमट हवेचे. जोरहाट-शिवसागरकडे ते घराच्या परसात, सुपारीच्या सावलीत वाढते. तेथे पाऊस वर्षास सुमारे २,००० मिलिमीटर पडतो व जमीन आम्लधर्मी आहे. आपल्या पर्जन्यछायेत पाऊस ५०० मिलिमीटरांच्या आगेमागे, उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर आणि माती चुनखडीयुक्त. नीरा डाव्या कालव्याखाली कित्येक शेते खारवट झाली आहेत. जिरायती बाजूस वीतभर मातीखाली मुरूम लागतो. पाटाच्या किंवा उजनीच्या पाण्यावर रोपे जगविता येतील, परंतु तेच पाणी अनेक वर्षे अनिश्चित उत्पन्नासाठी घालणे आमच्या मते परवडणारे नाही. हौस असल्यास न्हाणीच्या सांडपाण्यावर, सावलीत दोन-चार झाडे लावून पाहावीत. एकरभर लागवड करू नये.

एवढे करूनही कोणी लागवडीस तयार झाल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यास विक्रेत्याकडे चौकशी करण्यास सांगावे: बुरशी टोचण्याचे काम कोण करणार, त्याचा खर्च कोणाचा, आणि राळ न धरल्यास माल कोण घेणार? उत्तरे कागदावर घ्यावीत. आसामी अगराचे झाड १९९५ पासून व त्याच्या सर्व जाती २००५ पासून वन्यजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराखाली आहेत. त्यामुळे माल परदेशी पाठविण्यास परवाना लागतो.

सुगंधी वृक्षच हवा असेल तर चंदन आपल्या हवेस अधिक मानवते. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीतही ते येते. ते अर्धपरोपजीवी असल्याने शेजारी तुरीसारखे आश्रयपीक लागते. सुगंधी गाभा धरण्यास मात्र पंधरा वर्षे किंवा अधिक काळ जातो व पुढे चोरीचे भय राहते. लागवड केल्यावर सातबारावर झाडांची नोंद करून घ्यावी. तोडीस व वाहतुकीस वनखात्याची परवानगी लागते. मातीची तपासणी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात करून मिळते.