जयपूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती, वेळ किती?

मुलगा वा मुलगी कॅलिफोर्नियात असल्याने जयपूरमध्ये स्थायिक झालेले मराठी ज्येष्ठ नागरिकही अमेरिकेच्या प्रवासास निघतात. तिकीट हाती येताच पहिला प्रश्न अंतराचा असतो. जयपूरच्या सांगानेर विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्को, पृथ्वीगोलावर मोजल्यास, सुमारे १२,६०० किलोमीटर आहे. गोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो थेट उत्तर ध्रुवप्रदेशावरून जातो. भिंतीवरच्या नकाशावरून याची कल्पना येत नाही.

परंतु विमान नेहमी या दोऱ्यावरून जाईलच असे नाही. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाण्याचा मार्ग प्रशांत महासागरावरून ठरविण्यात आला. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, तरी प्रवास सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पूर्ण झाला. हिशेबाच्या वहीत १,४०० किलोमीटरांची ही वाढ तोट्याचीच दिसली असती! कारण वाऱ्याचे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. पूर्वेकडे निघालेल्या विमानास ते पाठीमागून ढकलतात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यास अडवितात. एखाद्या देशाने आपली हवाई हद्द बंद केली, तरीही वेळ वाढतो. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानची हद्द बंद असताना उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांस वळसा घ्यावा लागला होता.

तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, हे विशेष लक्षात ठेवावे. समजा, जानेवारीत दिल्लीहून पहाटे ४ वाजता विमान सुटून त्याच तारखेस सकाळी ६ वाजता पोहोचते. प्रवास दोन तासांचा नव्हे. हिवाळ्यातील साडेतेरा तासांचा फरक मिळविता तो साडेपंधरा तासांचा होतो. उन्हाळ्यात हा फरक साडेबारा तासांचा असतो. मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिनच्या वेळा घड्याळावरून न ठरविता, प्रत्यक्ष तासांचे हे गणित डॉक्टरांना दाखवून ठरवून घ्याव्यात.

खरी जोखीम मात्र सर्वांत लहान टप्प्यात असते. जयपूर ते दिल्ली हवाई अंतर जेमतेम २३० किलोमीटर; पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर दाट धुके असते आणि तेथे उतरू न शकलेली विमाने अनेकदा जयपूरकडेच वळविली जातात. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर विमान चुकल्यास पुढील व्यवस्था सामान्यतः विमान कंपनी करते. स्वस्त पडते म्हणून वेगवेगळी तिकिटे काढल्यास ही जबाबदारी प्रवाशावर येते; शिवाय दिल्लीत सामान ताब्यात घेऊन पुन्हा सोपवावे लागते. अशा वेळी आदल्या दिवशीच रेल्वेने वा मोटारीने दिल्ली गाठणे श्रेयस्कर. पुढील विमान चुकल्याची भरपाई प्रवास विम्यात अंतर्भूत आहे किंवा नाही, हे पॉलिसी घेण्यापूर्वी तपासून घ्यावे.