6 डिसेंबरचा समुद्र

दरवर्षी 6 डिसेंबरला आपण दादरला चैत्यभूमीवर जातो. तारीख तीच, पण शेजारचा समुद्र तोच नसतो. 2024 साली त्या दिवशी चंद्र अर्धा होत आला होता, भरती बेताची. 2025 साली पौर्णिमा होऊन जेमतेम दोन दिवस झालेले, म्हणून समुद्राला उधाण.

कारण तारीख सूर्यावर चालते आणि भरती मुख्यतः चंद्रावर. चंद्राच्या ओढीने दिवसातून दोनदा भरती येते, रोज सुमारे 50 मिनिटे उशिराने. सूर्यही ओढतो. तो प्रचंड मोठा खरा, पण 15 कोटी किलोमीटर लांब; त्यामुळे भरतीतला त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात, जोर एकत्र होतो, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात, तेव्हा पाणी फारसे चढत नाही, तो भांग. अमावास्येला घाबरणाऱ्यांनी एवढे पाहावे की समुद्र पौर्णिमेलाही तसाच चढतो!

पावसाळ्यात मात्र हे थेट घरात येते. उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नाल्याचे पाणी समुद्र घेत नाही, ते सखल वस्त्यांत तुंबते. साडेचार मीटरहून उंच भरतीच्या तारखा व वेळा मुंबई महापालिका आधीच जाहीर करते. ते कात्रण कॅलेंडरशेजारी चिकटवावे. धान्याचा डबा, मुलांची दप्तरे, जातीचे दाखले माळ्यावर टाकायला वेळ मिळतो.

त्या कॅलेंडरातही हीच दोघांची ओढाताण आहे. चंद्राचे बारा महिने 354 दिवसांत संपतात, सूर्याचे वर्ष 365 दिवसांचे. म्हणून बुद्धपौर्णिमा 2024 साली 23 मेला, तर 2025 साली 12 मेला आली. असेच चालू दिले तर वैशाख थंडीत येईल! ते टाळायला साधारण 32-33 महिन्यांनी एक अधिक महिना धरतात. हा निव्वळ हिशेबाचा महिना. त्यात जावयाच्या वाणासाठी उसनवारी कशाला?

2026 साली असा अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे 2025 साली 2 ऑक्टोबरला आलेली विजयादशमी 2026 साली 20 ऑक्टोबरला. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा, 1956 साली, 14 ऑक्टोबर आणि अशोक विजयादशमी एकाच दिवशी होत्या. आता त्या क्वचितच जुळतात, म्हणून धम्मचक्र प्रवर्तन दिन कुठे तारखेने, कुठे तिथीने साजरा होतो.