घोडेस्वाराचा तुरा आणि आपला फेटा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार पाहिला नाही, असे घर आपल्या भागात विरळाच. तापीकाठच्या या बाजारात घोड्याच्या अंगावर झूल, कपाळावर गोंडा आणि स्वाराच्या डोक्याला फेटा असा थाट असतो. घोडा आणि डोक्यावरचा तुरा ही जोडी साऱ्या जगात जुनी आहे.

इंग्रजांच्या घोडदळाने तर या थाटाची हद्द केली होती. त्यांच्या हुसार पलटणी केसाळ कातड्याची उंच टोपी घालीत. ही तऱ्हा हंगेरीची. १८१६ साली त्यांनी भालाईत पलटणी उभ्या केल्या, त्यांना पोलंडच्या स्वारांसारखी वर चौकोनी असलेली टोपी दिली. जड घोडदळाला धातूचे शिरस्त्राण असे आणि त्यावर घोड्याच्या केसांचा झुपका. लंडनमध्ये राजाच्या पहाऱ्यावरील घोडेस्वार आजही तसे शिरस्त्राण घालतात. एका पलटणीचा तुरा पांढरा, दुसरीचा तांबडा.

एवढा खटाटोप कशासाठी? उंच टोपीने माणूस धिप्पाड दिसे आणि शत्रूवर वचक बसे. धुरळ्यात आपला कोण, परका कोण, हे रंगावरून कळे. पण अडचणीही होत्या. घोडा दौडू लागला की उंच टोपी डळमळे. ती पडून हरवू नये म्हणून हुसारांची टोपी दोरीने अंगरख्याला बांधलेली असे!

हिंदुस्थानच्या उन्हात हा थाट टिकणे कठीण. १८५७ च्या धामधुमीत गोऱ्या शिपायांनी टोपीवर पांढरे कापड चढवून मानेवर झालर सोडली. पुढे पाणथळीत वाढणाऱ्या शोला झाडाच्या हलक्या गाभ्याची टोपी त्यांनी पत्करली.

आपल्या देशी स्वारांना मात्र हा प्रश्न पडला नाही. त्यांच्या डोक्याला मुंडासे होतेच. कापडाच्या अनेक वेढ्यांमुळे ऊन लागत नसे आणि तलवारीचा घावही बराचसा झेलला जाई. सोडले की तेच कापड जखम बांधायला, पाणी काढायला, अंथरायला उपयोगी. १८१७ साली उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या रिसाल्यांनी हेच मुंडासे गणवेशात ठेवले. पुढे या पलटणीचे घोडे जाऊन रणगाडे आले. १९६५ च्या युद्धात तिचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ च्या युद्धातील तरुण अरुण खेत्रपाल, या दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

तुऱ्याची हौस आपल्या डोंगरातही आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीला आदिवासी बांधव मोरपिसांचा उंच टोप घालून, कमरेला भोपळे व घुंगरू बांधून नाचतात. तो सणाचा मान आहे आणि त्या जागी तो शोभतोच.

पण शोभा वेगळी आणि संरक्षण वेगळे. आज घरोघरी घोड्याच्या जागी मोटारसायकल आली आहे. बाजारहाटाला, लग्नाला पोरे ती भरधाव पळवतात आणि हेल्मेट खुंटीला टांगलेले असते. केस बिघडतात म्हणे! रणात तलवार खाणारा स्वारसुद्धा डोके उघडे ठेवीत नसे. डांबरी सडक तलवारीपेक्षा मऊ नाही. कायदा तर सांगतोच, पण आईबापांनीही सांगावे : फेटा मांडवात बांध, वाटेत हेल्मेट घाल. डोके शाबूत राहिले तरच त्यावर तुरा शोभेल.