पडण्यासाठी मऊ जागा

उंच उडी हा मोठा विलक्षण खेळ आहे. यात सुवर्णपदक मिळविणारा खेळाडूही बहुधा अखेरच्या उंचीवर तीन वेळा दांडी पाडूनच मैदान सोडतो. अपयशाशी इतकी जवळीक असलेल्या खेळाची गोडी शाळकरी मुलाला लागावी तरी कशी?

डिक फॉस्बरी या अमेरिकन विद्यार्थ्याची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. ओरेगॉन राज्यातील मेडफर्ड येथे शिकणारा हा उंच, सडपातळ मुलगा तेव्हाच्या सर्वमान्य पद्धतीने, म्हणजे पोट दांडीकडे ठेवून उडी घेताना, पाच फुटांशीही अडखळत असे. अखेर त्याने मागे पडलेली जुनी कात्री पद्धत पुन्हा धरली. १९६३ साली एका शालेय स्पर्धेत दांडी जसजशी वर चढली, तसतसा तो कंबर उचलण्यासाठी आपसूक मागे रेलू लागला आणि पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा फूट अधिक उंच गेला. त्या दिवसापासून उंच उडी हाच त्याचा ध्यास झाला.

पुढे त्याने पाठ दांडीकडे करून आधी डोके, मग खांदे, कंबर व शेवटी पाय पलीकडे नेण्याची रीत सिद्ध केली. शरीराची अशी कमान झाली, की देह दांडीवरून जात असतानाही त्याचा गुरुत्वमध्य दांडीखालून जाऊ शकतो. एका वृत्तपत्राने त्याला नावेत तडफडणाऱ्या मासळीची उपमा दिली! परंतु १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याच रीतीने २.२४ मीटरचा ऑलिंपिक विक्रम करून त्याने सुवर्णपदक पटकावले.

येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. वाळूच्या किंवा भुशाच्या खड्ड्यात पाठीवर पडणे म्हणजे मानेला धोका. नेमक्या त्याच सुमारास तेथील शाळांतून फोमच्या जाड गाद्या येऊ लागल्या होत्या. त्या नसत्या, तर ही उडी रुजणे कठीण होते.

आपल्याकडचे उदाहरण सर्वेश कुशारे याचे. नाशिक जिल्ह्यातील देवगावच्या या शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत या खेळाची ओढ लागली, तेव्हा फोमची गादी कोठून असणार? त्याच्या क्रीडाशिक्षकांनी मक्याचे भुसकट भरून गादी सिद्ध केली. २०२५ साली टोकियो येथील जागतिक मैदानी स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला, २.२८ मीटर उडी घेऊन त्याने सहावा क्रमांक मिळविला.

सर्वच मुले काही फॉस्बरी वा कुशारे होत नाहीत, आणि तशी अपेक्षाही नसावी. मात्र मुलाला एखादा ध्यास गवसण्यापूर्वी त्याला अनेकदा पडावे लागते, हे आम्ही शिक्षक-पालकांनी ओळखले पाहिजे. म्हणून पाल्याच्या शाळेत गेल्यावर भिंतीवरील पारितोषिकांबरोबर मैदानाचा कोपराही अवश्य पाहावा. तेथे गादी आहे की उघडी जमीन, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. गादी नसेल, तर पालकांच्या पुढील सभेत तो विषय आपणच काढावा.